मनोरुग्णालयाच्या खाटा आणि आपली घरे

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकारिणीने मला बोलायला सांगितले तेव्हा विषय 'बँकेच्या योजना' असा ठरला होता. मी बँकेत लिपिक आहे, तेव्हा ते साहजिकच होते. पण मी अध्यक्षांकडे विनंती करून विषय बदलून घेतला. योजनांची पत्रके बाहेर टेबलावर ठेवलेली आहेत, ती जाताना घेऊन जावीत. मला आज बोलायचे आहे ते मनाच्या आजाराविषयी. मी डॉक्टर नाही, कला शाखेचा साधा पदवीधर आहे. पण हा विषय माझ्या घरात बावीस वर्षे राहिला, एवढाच माझा अधिकार.

येरवडा हे नाव काढले की आपल्या लोकांना आधी २४ सप्टेंबर १९३२ आठवतो, पुणे करार आठवतो. पण पुणे जिल्ह्यातल्या सामान्य माणसाच्या तोंडी येरवडा येतो तो चेष्टेत. "याला येरवड्याला पाठवा" असे आपण सर्रास म्हणतो. बोलणाऱ्याच्या मनात तुरुंग नसतो, 'वेड्यांचे इस्पितळ' असते. हा विनोद ज्या घराने एकदा खरोखर माणूस पाठवला आहे, त्या घरात कोणी करीत नाही. आमच्या घरात तो शब्दच बंद होता. "पुण्याला गेले" असे म्हणायचे, म्हणजे समजून घ्यायचे.

माझे धाकटे काका, त्यांना घरात सगळे नाना म्हणत. माझे वडील, म्हणजे आण्णा, दौंडला रेल्वेत खलाशी होते. एका खोलीचे क्वार्टर, त्यात आम्ही सात जण. नाना हुशार, दहावीला गावात वरच्या नंबरात आलेले. १९८९ साली, मी चौथीत असताना, ते रात्र रात्र जागू लागले. कोणी तरी आपल्याविषयी बोलते आहे, असे म्हणू लागले. पुढे जेवण सोडले, कारण जेवणात काही घातले आहे असा संशय. पहिले चार महिने देवऋषी, लिंबू, अंगारा, गंडा यांत गेले. हे आपल्या समाजाच्या व्यासपीठावर सांगताना मला लाज वाटते, पण खरे ते सांगतो. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता आणि नानांच्या दंडाला गंडा होता. आपण दोन्ही करीत होतो. शेवटी त्यांनी आजीवर हात उचलला, तेव्हा आण्णांनी त्यांना पुण्याच्या एका मोठ्या रुग्णालयात दाखल केले. तेव्हा १९१२ चा 'इंडियन ल्यूनसी ॲक्ट' लागू होता. इंग्रजांचा कायदा. त्यात माणसाला त्याच्या मनाविरुद्ध दाखल करायचे तर दंडाधिकाऱ्याचा हुकूम लागे. चोरी न केलेला माणूस कोर्टापुढे उभा राहिला आणि आण्णा त्याच्या शेजारी फिर्यादीसारखे.

मनोरुग्णालये मुळात कशासाठी झाली हे पाहिले की हा प्रकार उलगडतो. आपल्या राज्यात चार प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. नागपूरचे १८६४ चे, रत्नागिरीचे १८८६ चे, ठाण्याचे १९०१ चे, आणि आपले येरवड्याचे. त्या काळात औषध नव्हते. माणसाला उंच भिंतीच्या आत ठेवणे, इतरांना त्याच्यापासून आणि त्याला इतरांपासून वाचवणे, एवढेच करता येत होते. मनाच्या तीव्र आजारावर उपयोगी पडणारी पहिली गोळी १९५२ नंतर आली. तोवर भिंत हाच उपचार. गोळी आली तरी भिंत राहिली. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने देशातल्या ३७ मनोरुग्णालयांची पाहणी करून १९९९ मध्ये अहवाल दिला, त्यात कित्येक ठिकाणचा बांधा तुरुंगासारखा तसाच राहिल्याचे नोंदले आहे.

आता खाटांचा हिशोब. बँकेतला माणूस, आकडे पाहिल्याशिवाय चैन पडत नाही. मंजूर खाटा येरवडा २५४०, ठाणे १८५०, नागपूर ९४०, रत्नागिरी ३६५. एकूण ५६९५. राज्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेप्रमाणे सव्वाअकरा कोटींच्या आसपास. म्हणजे लाख माणसांमागे पाच खाटा. हे ऐकून कोणीही म्हणेल की खाटा वाढवा. मीही पूर्वी तेच म्हणत असे.

पण दुसरा आकडा पाहा. बंगळूरच्या निमहान्स या संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. महाराष्ट्र त्या बारांत नव्हता, पण अंदाजाला ते पुरे. प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक आजार होता. त्यातले अगदी तीव्र आजार, म्हणजे नानांना होता तसे, ०.८ टक्के. आपल्या शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांची लोकसंख्या २०११ मध्येच साडेसात लाखांच्या वर होती. त्यात प्रौढ पाच लाख धरा. त्याचे ०.८ टक्के म्हणजे चार हजार. येरवड्याच्या सगळ्या खाटा आपल्या दोन तालुक्यांना देऊन टाकल्या, बारामती, इंदापूर, पुरंदर, जुन्नर, खेड आणि खुद्द पुणे शहराला एकही दिली नाही, तरी आपलेच दीड हजार लोक बाहेर राहतात. तेव्हा खाटा वाढवून हा प्रश्न सुटणारा नाही, दुप्पट केल्या तरी नाही. आणि गंमत अशी की अलीकडच्या वर्षांत येरवड्यात प्रत्यक्ष रुग्ण मंजूर खाटांपेक्षा बरेच कमी असतात. एकीकडे खाट रिकामी, दुसरीकडे त्याच सर्वेक्षणाने सांगितले की निरनिराळ्या आजारांत ७० ते ९२ टक्के लोकांना उपचारच मिळत नाही.

मग ते चार हजार कोठे आहेत? ते आपल्या घरांत आहेत. मागच्या खोलीत आहेत. घोडनदीच्या बाजारात सगळे ज्याला नावाने हाक मारून हसतात, तो आहे. दौंडच्या फलाटावर पुलाखाली बसलेली बाई आहे. लग्न करून दिले की सुधारेल, म्हणून ज्याचे लग्न लावले आणि सहा महिन्यांत सून माहेरी गेली, तो आहे. हे मी वाचून सांगत नाही. आपल्याच लोकांची अशी तीन घरे मला माहीत आहेत. नावे अर्थात सांगणार नाही.

नानांकडे परत येतो. औषधाने ते दीड-दोन वर्षांत सावरले. १९९१ मध्ये रुग्णालयाचे कार्ड आले, की रुग्णाची प्रकृती समाधानकारक आहे, नातेवाइकांनी येऊन घेऊन जावे. आण्णांनी ते वाचले आणि पत्र्याच्या ट्रंकेत ठेवले. पुढे आमचे क्वार्टर बदलले. आण्णांनी नवा पत्ता कळवला नाही. मुद्दाम कळवला नाही. आत्याचे लग्न ठरत होते, घरात वेडा आहे असे कळले तर मोडेल ही भीती. लग्न झाले. मग दुसऱ्या आत्याचे. नाना तीन वर्षे बरे होऊन आत बसून होते. १९९४ साली आजी आजारी पडली आणि तिने नानांचे नाव घेतले, तेव्हा आण्णा गेले. मी बरोबर होतो. नाना बाहेर आले तेव्हा हातात कापडी पिशवी होती. ते आण्णांना म्हणाले, "पत्ता चुकला होता का, दादा?" आण्णा काही बोलले नाहीत. परतीच्या गाडीत दौंड येईपर्यंत कोणीच बोलले नाही.

त्या रुग्णालयाला मी दोष देत नाही. त्यांनी कार्ड पाठवले होते. आणि आण्णांनाही आता दोष देत नाही, ते आज हयात नाहीत. एका खोलीत सात माणसे असताना आठव्याला बोलावणे सोपे नसते. पण त्या तीन वर्षांत नानांची खाट आजाराने अडवली नव्हती, ती आमच्या लाजेने अडवली होती. हे आमच्याच घरात घडले असे समजू नका. मुंबई उच्च न्यायालयापुढे अलीकडे जे प्रकरण चालले, त्यात राज्याच्या मनोरुग्णालयांत दहा वर्षांहून अधिक काळ असलेले शेकडो रुग्ण निघाले, आणि त्यांतले बरेच घरी जाण्याजोगे होते. आणि त्यांना बाहेर काढण्याची घाई करायची तर तीही नीट केली पाहिजे. बरे झालेल्या रुग्णांना भिक्षेकरीगृहांत हलवण्याचा प्रकार आपल्या राज्यात झाला, तेव्हा २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला ते थांबवायला सांगावे लागले. अमेरिकेत हेच मोठ्या प्रमाणावर झाले. १९५५ मध्ये तिथल्या सरकारी मनोरुग्णालयांत साडेपाच लाखांवर रुग्ण होते. पुढे रुग्णालये रिकामी केली, पण गावोगावची केंद्रे पुरेशी उभी राहिली नाहीत, आणि कितीतरी लोक रस्त्यावर आणि तुरुंगात गेले. इटलीत डॉ. फ्रांको बाझालिया यांनी त्रिएस्त शहरात आधी वस्तीतली केंद्रे उभी करीत करीत रुग्णालय रिकामे केले, आणि १९७८ मध्ये तसा कायदाच झाला. आधी बाहेर दार उघडायचे, मग आतले.

आपल्याकडेही हा विचार नवा नाही. १९५० च्या दशकात अमृतसरला डॉ. विद्यासागर यांनी रुग्णांच्या नातेवाइकांना रुग्णालयाच्या आवारात तंबूत राहायला बोलावले. आजार काय असतो हे घरच्यांनी डोळ्यांनी पाहिले, आणि माणसे लवकर घरी गेली. १९८२ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आला. कर्नाटकातल्या बेल्लारी जिल्ह्यात निमहान्सने प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या साध्या डॉक्टरांना आणि आरोग्य सेवकांना शिकवून दाखवले, की बहुतेक रुग्णांना तालुक्यातच सांभाळता येते. त्यावरून १९९६ मध्ये जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. पुण्यातच भार्गवी दावर यांनी १९९९ मध्ये बापू ट्रस्ट स्थापन केला. वस्त्यांतून घरोघर जाऊन, वस्तीतल्याच माणसांना हाताशी धरून त्यांचे काम चालत आले. भार्गवीताई २०२४ मध्ये गेल्या. आपल्या मेळाव्यात त्यांना एकदा बोलवावे असे माझ्या मनात होते, ते राहून गेले.

नाना घरी आले ते पूर्ण बरे होऊन आले नव्हते. मधुमेहाच्या माणसासारखे होते. गोळी चालू तर माणूस चालू. ते एका सायकलच्या दुकानात पंक्चर काढायला बसत, संध्याकाळी आम्हा मुलांचा अभ्यास घेत. माझे इंग्रजी जे काही बरे आहे ते नानांमुळे. पण गोळी मिळे पुण्यात. महिन्यातून एकदा सकाळची गाडी, मग बस, मग केसपेपरची रांग, मग औषधाची रांग, आणि रात्री घरी. बरोबर एक माणूस हवा, म्हणजे त्याचीही एक हजेरी बुडाली. १९९७ च्या पावसाळ्यात आण्णा टायफॉइडने पडले आणि दोन महिने कोणी गेलेच नाही. नानांनी तिसऱ्या महिन्यात घर सोडले. एकोणीस दिवस सापडले नाहीत. शेवटी मनमाड स्टेशनवर आण्णांच्या एका सहकाऱ्याने त्यांना ओळखले. पायांत चप्पल नव्हती, दाढी वाढलेली, आणि लोक खडे मारीत होते.

असे रस्त्यावर आलेले लोक उचलून, बरे करून, त्यांच्या गावी पोचवण्याचे काम कर्जतला डॉ. भरत वाटवानी आणि त्यांच्या पत्नी करतात. २०१८ मध्ये डॉक्टरांना त्यासाठी मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आम्हाला तेव्हा हे काही माहीत नव्हते. रेल्वेच्या लोकांचा भाऊबंदपणा कामी आला, एवढेच.

मनमाडचे ते दृश्य आण्णांनी सांगितले तेव्हा मला पटाचाराची गोष्ट आठवली. आपल्या विहारात ती सांगितली जाते, पण आपण ती दुःखाची गोष्ट म्हणून ऐकतो आणि पुढे जातो. नवरा, दोन मुले, आईवडील, भाऊ एकापाठोपाठ गेले आणि ती भान हरपून उघडी फिरू लागली. लोक तिला हाकलीत होते. जेतवनात ती आली तेव्हाही बसलेल्या लोकांनी तिला अडवायला पाहिले. तथागतांनी तिला येऊ द्या म्हणून सांगितले, आणि एकाने आपले उपरणे तिच्या अंगावर टाकले. ती सावरली, आणि पुढे भिक्षुणी संघात विनयाची सर्वांत मोठी जाणकार झाली. तिला सभेच्या बाहेर नेऊन बरे केले नाही, सभेत बसवून घेतले.

आता कायद्याकडे येतो, कारण तो आपल्या उपयोगाचा आहे आणि आपल्यातल्या फारच थोड्यांना ठाऊक आहे. १९१२ चा कायदा जाऊन १९८७ चा आला, तो १९९३ पासून लागू झाला. त्याच्या जागी आता मानसिक आरोग्यसेवा अधिनियम २०१७ आहे, २९ मे २०१८ पासून. कलम १९ म्हणते, की घरचे घेत नाहीत किंवा घर नाही एवढ्याच कारणावरून कोणालाही मनोरुग्णालयात ठेवून घेता येणार नाही. कलम ९५ प्रमाणे रुग्णाला साखळीने बांधणे हा गुन्हा आहे, मग ते कोणत्याही नावाखाली असो. तामिळनाडूत एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली तेव्हा साखळ्यांनी बांधलेले २८ रुग्ण होरपळून मेले, हे आपण विसरू नये. कलम ११५ सांगते, की आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असे धरून चालायचे, त्याला गुन्हेगार धरायचे नाही. आणि भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणाऱ्यांसाठी २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. तो होण्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकरांना प्राण द्यावे लागले.

पण मला सगळ्यांत महत्त्वाचे वाटते ते कलम १८ मधले एक वाक्य. आवश्यक औषधांच्या यादीतली मनाच्या आजाराची सर्व औषधे सरकारी दवाखान्यांत मोफत आणि सर्व काळ मिळाली पाहिजेत, आणि ती सुरुवात कोठून, तर सामुदायिक आरोग्य केंद्रापासून, म्हणजे आपल्याकडच्या ग्रामीण रुग्णालयापासून. पुण्यापासून नाही, येरवड्यापासून नाही. शिरूरच्या आणि दौंडच्या खिडकीपासून. नानांची गोळी जर १९९७ मध्ये दौंडात मिळाली असती तर मी सायकलवर जाऊन आणली असती. एकोणीस दिवसांचा तो प्रश्न एका सायकलच्या फेरीचा होता.

त्या खिडकीवर आज औषध मिळत नाही असा माझा आरोप नाही. माझे म्हणणे एवढेच, की आपण मागायला जातच नाही. चिठ्ठी घेऊन उभे राहिले तर मागचा माणूस वाचेल, ही भीती. मागणी नसली की साठा येत नाही, हा व्यवहाराचा साधा नियम आहे. आमच्या शाखेतही ज्या नोटा कोणी मागत नाही त्या आम्ही मागवत नाही.

बँकेतला एक अनुभव सांगतो. आमच्या काउंटरवर एक म्हातारी येते. तिचा मुलगा पस्तिशीचा, आजारी. त्याचे संजय गांधी निराधार योजनेचे अनुदान खात्यात जमा होते. एकदा तो स्वतः आला, सही नीट केली, आणि आमच्याच एकाने मोठ्याने विचारले, "याला कळते का काही? खाते चालेल का याचे?" रांगेतले सगळे वळून पाहू लागले. पोरगा निघून गेला आणि पुन्हा आला नाही. कायदा काय म्हणतो? मानसिक आजार आहे एवढ्यावरून माणूस असमंजस ठरत नाही, ते ठरवायचे तर न्यायालयाने ठरवावे. काउंटरने नाही. त्या दिवशी मी गप्प बसलो. दुसऱ्या दिवशी बोललो, पण ऐकायला तो पोरगा तिथे नव्हता.

तीव्र मानसिक आजार हे अपंगत्व धरले जाते, २०१६ च्या दिव्यांग कायद्यातल्या २१ प्रकारांत ते आहे. चाळीस टक्के किंवा अधिक असे प्रमाणपत्र मिळाले तर हे अनुदान मागता येते. कागदपत्रांचे काम किचकट आहे, ते मी करून देईन. एवढे मला नक्की येते. शिवाय १४४१६ हा क्रमांक लिहून घ्या. केंद्र सरकारची टेलिमानस सेवा, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येते, रात्रीही.

कार्यकारिणीपुढे माझी सूचना अशी. शिरूर आणि दौंड येथे प्रत्येकी दोन माणसे, एक पुरुष आणि एक स्त्री, अशी नेमावीत, की ज्या घरात आजारी माणूस आहे तिथे ती महिन्यातून एकदा जातील, सरकारी दवाखान्यात बरोबर जातील, आणि औषधाच्या खिडकीवर चिठ्ठी देताना शेजारी उभी राहतील. औषध नसेल तर तारीख घालून वहीत लिहितील आणि ती वही घेऊन आपण वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटू. भांडायला नाही, दाखवायला. रुग्णाला पुण्याला न्यावेच लागले, आणि कधी कधी दाखल करावेच लागते, खाट हवीच असते, तर जाण्यायेण्याचे भाडे संस्थेने द्यावे. या स्मरणिकेच्या जाहिरातींतून जे उरते त्यातून हे सहज होईल. खजिनदारांकडे मी हिशोब दिला आहे. ते माझ्याकडे पाहून हसत आहेत, म्हणजे पुन्हा मागावे लागेल.

नाना २०११ मध्ये हृदयविकाराने गेले. दौंडच्या घरात, माझ्या आईच्या हातचे पाणी पिऊन. शेवटची काही वर्षे त्यांनी एकदाही गोळी चुकवली नाही. ते स्वतःच कॅलेंडरवर खूण करीत. माझ्या मुलीला त्यांनी पाढे शिकवले. तिच्या दृष्टीने ते फक्त आजोबा होते, जरा कमी बोलणारे.

ज्या तीन घरांचा मी उल्लेख केला, त्यांच्यापैकी कोणी आज इथे बसलेले असेल तर त्यांनी जेवणाच्या वेळी माझ्याकडे येऊ नये, लोक पाहतील. मी उद्या, रविवारी, दिवसभर दौंडला आईकडे आहे, आणि सोमवारपासून शिरूरच्या शाखेत दुपारी जेवणाच्या सुट्टीत बाहेरच्या बाकावर असतो. बँकेच्या कामाने आलो असे म्हणून यावे. कोणी विचारणार नाही.

जयभीम.